शिवाजीनगर कोर्टाजवळचं अर्ज टाइप करून देणारं दुकान

काकांना अर्धांगवायू झालाय, तरी दिव्यांग प्रमाणपत्रावर ३५ टक्केच आले. संजय गांधी निराधार योजनेला किमान ४० लागतात, म्हणून अर्ज नामंजूर. या दुकानातल्या ताईंनी टायपिंगला बसण्याआधी प्रमाणपत्र नीट वाचलं आणि नेमकं बोट ठेवलं: तपासणीत फक्त पाय धरलाय, उजव्या हाताची नोंदच नाही! काकांना शर्टाचं बटण लावता येत नाही, हे त्यांनी प्रमाणपत्राविरुद्धच्या अपिलात जसंच्या तसं घातलं. हे अपील २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९ खाली. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, असंही बजावलं. फेरतपासणीची तारीख आली आहे. दुकान चिंचोळं, व्हीलचेअर आत जात नाही. ताईच बाहेर येऊन काकांशी बोलल्या. पैसेही वाजवी घेतले.