फॅब्रिक कंडिशनर: जाड सुताला उत्तम, विरळ विणीला जपून

गेले तीन महिने मी एका स्थानिक ब्रँडचे फॅब्रिक कंडिशनर वापरत आहे. त्याच्या वासाबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही, परंतु कापडाच्या विणीवर होणारा त्याचा परिणाम सविस्तर सांगण्याजोगा आहे. अशा द्रवातील धनप्रभारित रेणू सुताच्या ऋणप्रभारित पृष्ठभागाला चिकटतात आणि त्यांच्या स्निग्ध शेपट्या बाहेरच्या बाजूला राहतात. त्यामुळे उभे व आडवे धागे एकमेकांवरून कमी घर्षणाने सरकतात आणि कापड हाताला मऊ लागते. खळीचे काम याच्या नेमके उलट असते. वाळलेली कांजी धाग्यांना त्यांच्या छेदांवर बांधून ठेवते, म्हणून खळ दिलेल्या साडीच्या निऱ्या ताठ राहतात.

माझ्या जाड सुती साडीचा राठपणा पहिल्याच धुण्यात बराच कमी झाला आणि ती अंगावर चापूनचोपून बसू लागली. विरळ विणीच्या रेशमी ब्लाउजचा अनुभव मात्र वेगळा आला: काखेतली शिवण शाबूत असूनही तिच्या दोन्ही बाजूंचे धागे सरकून बारीक जाळी दिसू लागली. ब्लाउज मुळातच घट्ट होता, हे मान्य. तरीही बाटलीवर याविषयी एखादी ओळ असायला हवी होती. टॉवेलांना हे द्रव लावूच नये, कारण स्निग्ध थरामुळे ते पाणी कमी टिपतात. चादरींना शेवटच्या पाण्यात निम्मे माप पुरते.