पुरुष हार्मोन पॅकेज: रिपोर्टमधल्या आकड्याआधी नमुन्याची वेळ बघा

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे पॅथॉलॉजी लॅबमध्ये शुगर-थायरॉईडच्या जोडीला आता पुरुषांचं ‘हार्मोन प्रोफाइल’ही मिळतं. टोटल टेस्टोस्टेरॉन (मुख्य पुरुष हार्मोन, रक्तात एकूण किती), फ्री टेस्टोस्टेरॉन (त्यातलं मोकळं), एलएच आणि एफएसएच (वृषणाला संदेश देणारी हार्मोन), प्रोलॅक्टिन (पिट्युटरी या मेंदूखालच्या ग्रंथीचं हार्मोन), इस्ट्राडायॉल (स्त्री-हार्मोन) आणि वर कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन), असं सगळं एका पाकिटात. आमचं मत आधीच सांगतो: पहिल्या फेरीत हे पॅकेज घेऊ नका. नुसती टोटल टेस्टोस्टेरॉन करा, पण ती नीट करा. तिचे पैसे पॅकेजच्या मानाने बरेच कमी पडतात आणि तिच्यातून जास्त कळतं.

या सेवेतली मोठी खोट वेळेची आहे. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वात वर असतं आणि दिवस चढेल तसं उतरतं. तरुणांमध्ये संध्याकाळपर्यंत ते पाव हिश्श्याने खाली येऊ शकतं. म्हणून नमुना सकाळी ७ ते १० मध्येच जायला हवा, तोही उपाशीपोटी. खाल्ल्यावर, त्यातही गोड खाल्ल्यावर, पातळी तात्पुरती घसरते. आता रावेर-यावलहून सकाळची बस धरून जळगावला आलेला माणूस तहसीलचं काम उरकून साडेअकराला लॅबमध्ये पोचतो. वाटेत चहा-पोहे झालेले असतात. काउंटरवरून ‘चालेल भाऊ, बसा’ म्हणतात आणि रक्त घेतात. मग रिपोर्टमध्ये २७० येतात, खाली ठळक अक्षरात ‘कमी’ छापलेलं असतं आणि माणूस रात्रभर झोपत नाही. तोच माणूस सकाळी आठला, काही न खाता आला असता तर आकडा कदाचित साडेतीनशे निघाला असता.

म्हणून लॅब निवडताना फोनवर एकच विचारा: ‘टेस्टोस्टेरॉनसाठी कधी यायचं?’ ‘सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, पाणी चालेल’ असं उत्तर आलं तर जा. ‘कधीही या’ म्हणाले तर दुसरीकडे विचारा. आदल्या रात्री वरण-बट्टी जेवलात तरी हरकत नाही, मात्र रात्री दहानंतर पाण्याशिवाय तोंडात काही नको. रिपोर्टवर नाव-वयाच्या चौकटीत सहसा तीन वेळा छापलेल्या असतात: नमुना घेतल्याची, लॅबला मिळाल्याची आणि रिपोर्ट निघाल्याची. कामाची पहिली. घरी येऊन रक्त घेणाऱ्या मुलाने नळीच्या चिठ्ठीवर खरी वेळ टाकली का, ते तो उठायच्या आत बघून घ्या. ती नोंद चुकली तर डॉक्टरकडे त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

भुसावळच्या रेल्वेत किंवा दीपनगरच्या वीजकेंद्रात रात्रपाळी करणाऱ्यांनी पाळी उतरून थेट लॅब गाठू नये. आठवडाभर रोज पाचच तास झोप मिळाली तर धडधाकट तरुणांतही पातळी १० ते १५ टक्के उतरल्याचं २०११च्या एका अभ्यासात दिसलं. सुट्टी घ्या, दोन-तीन रात्री पुरेशी झोप होऊ द्या, मग रक्त द्या. ताप, डेंगी, ऑपरेशन यानंतरही काही आठवडे थांबा, कारण आजारपणात पातळी पडतेच. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला आधी सांगा आणि निदान दोन दिवस बंद ठेवा. काही मशिनांवर बायोटिनमुळे टेस्टोस्टेरॉन खोटं वाढलेलं दिसतं आणि एलएच खोटं कमी.

आता आकडा. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशन ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली ‘कमी’ मानते. लठ्ठ नसलेल्या १९ ते ३९ वयाच्या पुरुषांची संदर्भ-मर्यादा २०१७मध्ये २६४ ते ९१६ अशी मांडली गेली. एवढ्या रुंद पट्ट्यात ४०० वाल्याने ७०० वाल्याचा हेवा करण्याचं कारण नाही. एकक मात्र बघा: मिलिलिटरमध्ये ४.२ म्हणजे डेसिलिटरमध्ये ४२०. नॅनोमोल प्रति लिटर असेल तर २८.८ ने गुणा.

एका रिपोर्टवर निदान होत नाही. वेगळ्या एखाद्या दिवशी सकाळी घेतलेला नमुनाही कमी हवा आणि सोबत लक्षणं हवीत: कामेच्छा कमी होणं, पहाटेचा ताठरपणा बंद होणं, दाढी-अंगावरचे केस विरळ होणं, छाती दुखरी होऊन वाढणं, कारण नसताना हिमोग्लोबिन उतरणं. नुसता थकवा असेल तर आधी हिमोग्लोबिन, थायरॉईड, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), बी१२ करा. घोरणं आणि दिवसा डुलक्या असतील तर झोपेची तपासणी.

पॅकेजमधली सर्वात कच्ची चाचणी म्हणजे थेट किटवर मोजलेलं फ्री टेस्टोस्टेरॉन. रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनपैकी मोकळं असतं जेमतेम दोन टक्के, बाकीचं एसएचबीजी आणि अल्ब्युमिन या प्रथिनांना चिकटलेलं. एवढा बारीक हिस्सा ते किट भरवशाने मोजू शकत नाही. पोट सुटलेल्या, मधुमेही माणसात एसएचबीजी कमी असतं. त्यामुळे टोटल खाली दिसतं, मोकळं मात्र ठीक असू शकतं. उलट वय वाढलं किंवा यकृत बिघडलं की एसएचबीजी चढतं आणि टोटल फसवं चांगलं दिसतं. अशा वेळी एसएचबीजी आणि अल्ब्युमिन मागवून फ्रीचा हिशोब सूत्राने करून घ्या. आमच्या पाहण्यातल्या पॅकेजमध्ये नेमकं एसएचबीजीच नसतं.

एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन या चाचण्या चांगल्या आहेत, पण दुसऱ्या फेरीच्या. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच चढलेलं असेल तर दोष वृषणात. एलएचही खाली किंवा जेमतेम असेल तर पिट्युटरीकडे बघायचं, आणि तिथे प्रोलॅक्टिन लागतं. कॉर्टिसॉलचं या प्रश्नात काम नाही. छाती वाढलेली नसेल तर इस्ट्राडायॉलचंही नाही.

रिपोर्टनंतर इंजेक्शन सुचवणारा फोन आला तर तिथे हो म्हणू नका, एंडोक्रायनोलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) किंवा युरॉलॉजिस्टला दाखवा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की मेंदूकडून वृषणाला जाणारा संदेश थांबतो आणि शुक्राणू बनणं बंद पडू शकतं. मूल हवं असलेल्याने ते घेऊच नये, आणि हे डॉक्टरला पहिल्याच भेटीत सांगावं. उपचार चालू झालेच तर हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) ५४ टक्क्यांपुढे जात नाही ना, यासाठी रक्त ठरलेल्या वेळी तपासत राहावं लागतं.