वृद्धाश्रमात साथ शिरली तर: आरटी-पीसीआर, अँटिजेन किट की नुसती तापाची गन?

आमच्या वृद्धाश्रमाच्या कमिटीत हा वाद दर पावसाळ्यात ठरलेला. दोन-तीन आजी-आजोबा खोकायला लागले, कोरोनाची शंका आली, की एक ट्रस्टी म्हणतात, सगळ्यांची आरटी-पीसीआर, म्हणजे प्रयोगशाळेतली तपासणी, करून टाका. दुसरे म्हणतात, जागच्या जागी निकाल देणारं अँटिजेन किट मागवा, स्वस्तात भागेल. तिसरे ताप मोजायची गन घेऊन दारात उभे. तुमच्यावरही हे ठरवायची वेळ आली असेल, तर आधी गनचा निकाल लावू.

मार्च 2020 मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीत, एका नर्सिंग होममधल्या 76 जणांची सरसकट तपासणी झाली. 48 पॉझिटिव्ह निघाले आणि त्यातल्या 27 जणांना त्या दिवशी काहीच त्रास नव्हता. बहुतेकांना पुढच्या काही दिवसांत लक्षणं दिसली, पण तोवर विषाणू पसरायचा तो पसरत होता. शिवाय म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असं नाही. रोज दोन कप चहा पिणाऱ्या आजी ‘आज नको’ म्हणतात किंवा एकाएकी असंबद्ध बोलायला लागतात. गनमध्ये हे कसं दिसणार?

आता खरी तुलना. कागदावर आरटी-पीसीआर सरळ जिंकते. जून 2020 मध्ये आयसीएमआरने, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, पहिल्या अँटिजेन किटला मान्यता दिली, तेव्हा चाचण्यांत त्या किटने 50.6 ते 84 टक्के बाधित पकडले होते. म्हणजे वाईटात वाईट धरलं तर निम्मे सुटले. पण सुटतात ते मुख्यतः कमी विषाणू असलेले. घशा-नाकात विषाणू भरलेला आणि जोरात पसरवणारा माणूस किटमध्ये बहुधा सापडतो, आणि पंधरा मिनिटांत सापडतो. आजी-आजोबांना भरवणाऱ्या मावशींनी पीसीआरचा स्वॅब सोमवारी दिला आणि पीडीएफ व्हॉट्सअॅपवर बुधवारी रात्री आली, तर मधल्या सहा जेवणांत त्याच मावशींनी आठ जणांना भरवलेलं असतं. साथीत उशिरा आलेला अचूक रिपोर्ट मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. बरं, पीसीआर बरं झाल्यावरही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, त्यामुळे आजोबांना खोलीबाहेर कधी काढायचं, हे तिच्यावरून ठरत नाही.

किटचं दुखणं वेगळं. आश्रमात कोणीच आजारी नसताना सरसकट तपासणी केली, तर आलेल्या थोड्या पॉझिटिव्हमध्ये खोटे बरेच असू शकतात. ऑक्टोबर 2020 मध्ये अमेरिकेतल्या नेवाडा राज्याने याच कारणावरून नर्सिंग होममधली किटं थांबवली होती. तिथल्या केंद्र सरकारने दटावल्यावर आदेश मागे घेतला. पण तक्रार अगदीच पोकळ नव्हती: निरोगी आजींना बाधितांच्या खोलीत हलवणं म्हणजे आपणच त्यांना आजारी पाडणं. म्हणून साथ नसताना किट पॉझिटिव्ह आलं, तर आधी एकटं ठेवा आणि पीसीआरने खात्री करा. लक्षणं आहेत पण किट निगेटिव्ह, तरीही पीसीआर. हा आयसीएमआरचाच नियम होता. आणि संपर्कात आलेल्यांची तपासणी एकदा करून थांबू नका, एक दिवस सोडून तीनदा करा.

पैशांचं बघू. मार्च 2021 अखेरीस महाराष्ट्र सरकारने पीसीआरला 500 आणि अँटिजेनला 150 रुपयांची मर्यादा घातली होती. तोच हिशेब धरला तर चाळीस रहिवासी आणि पंधरा कर्मचाऱ्यांची एक फेरी 27,500 विरुद्ध 8,250. पीसीआरच्या एका फेरीत किटच्या तीन फेऱ्या होतात.

पण पैसे कमी असतील, तर मी पहिली किटं मावशींवर, स्वयंपाक्यावर आणि रात्रपाळीच्या मामांवर खर्च करीन. अंथरुणावरचे आजोबा बाहेरून काही आणत नाहीत. अमेरिकेतल्या तेरा हजारांवर नर्सिंग होम्सच्या अभ्यासात, लस येण्याआधीच्या काळात, कर्मचाऱ्यांची तपासणी जास्त करणाऱ्या ठिकाणी रहिवाशांमधले रुग्ण सुमारे 30 टक्के आणि मृत्यू सुमारे 26 टक्के कमी होते. लसीवर विसंबून हे सोडू नका. नोव्हेंबर 2021 मध्ये भिवंडी तालुक्यातल्या एका वृद्धाश्रमात साठहून अधिक जण बाधित निघाले, त्यातल्या बऱ्याच जणांची लस झालेली होती.

फ्लूचं गणित मात्र उलटं. तिथे दोन-तीन आजाऱ्यांची पीसीआर केली तरी पुरते. 72 तासांत दोघे आजारी आणि एकाचा फ्लू पक्का झाला, की अमेरिकेत साथ धरून सगळ्या रहिवाशांना ओसेल्टामिविर हे फ्लूचं औषध सुरू करतात. आपल्याकडे ते डॉक्टरांनी ठरवायचं, पण रिपोर्टवरून औषध ठरत असेल तर पीसीआरचे पैसे वसूल.

स्मृतिभ्रंश झालेल्या आजी नाकात काडी घालू देत नाहीत. रोज वेणी घालणाऱ्या मावशींनाच ते काम द्या. किटवरची पॉझिटिव्हची रेघ फिकट असली तरी पॉझिटिव्हच धरा, आणि किटवर लिहिलेली वेळ उलटून गेल्यावर उमटलेली रेघ वाचू नका.

किटं मागवण्याआधी एक रिकामी खोली आणि बदली माणूस हाताशी आहे का बघा. आमच्याकडे एका मावशींनी दोन दिवस खोकला लपवला होता, कारण खाडा झाला की रोज कापला जायचा. तेव्हापासून पॉझिटिव्ह आलेल्याचा पगार कापायचा नाही, असा ठराव केला. पुढच्याच आठवड्यात दोघी जणी आपणहून ऑफिसात आल्या, घसा दुखतोय म्हणून सांगायला.