भात लावणीचं यंत्र भाड्याने घेतलं: २२ गुंठ्यांचा अनुभव

आमची जमीन संगमेश्वर तालुक्यात. भाताची ३८ गुंठे, तीही अकरा तुकड्यांत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरांत. दीर मुंबईला, नवऱ्याचे गुडघे गेलेले, म्हणजे लावणी माझ्याच कमरेवर. गेली तीस वर्षं इरलं घेऊन वाकतेय. त्यामुळे यंदा शेजारच्या तालुक्यातला एक गट लावणीचं यंत्र भाड्याने देतो असं कळल्यावर मी दुसऱ्याच दिवशी फोन केला. चार ओळींचं, मागून चालत धरायचं यंत्र. गुंठ्याला ९० रुपये, टेम्पोचे ८०० वेगळे, रोपांचे ट्रे पाच रुपये नग भाड्याने.

आधी ट्रेबद्दल लिहिते, कारण सगळा खेळ तिथेच आहे. यंत्राला आपल्या राबातली (रोपं वाढवायच्या वाफ्यातली) मूठ चालत नाही. त्याला चटईसारखं रोप लागतं, गुंडाळी करून उचलता येईल असं. ट्रेमध्ये जेमतेम इंचभर माती घालायची. मी ती रव्याच्या चाळणीने चाळली आणि चाळणीचा जीव गेला. तुम्ही वाळूची चाळण वापरा, खडा राहिला नाही म्हणजे झालं. मोड आलेलं बियाणं दाट आणि एकसारखं पसरायचं. इथे हात चुकला की शेतात दिसतं: जिथे बी विरळ पडलं तिथे यंत्राचा रोप उचलणारा चिमटा रिकामा जातो. २२ गुंठ्यांच्या ५० ट्रेना मला आठ किलो कर्जत-३ जातीचं बियाणं लागलं. एवढ्याच जमिनीला पूर्वी मी बारा-तेरा किलो राबात टाकायची. शिवाय राब भाजायला कवळं, म्हणजे झाडांच्या डहाळ्या, तोडायच्या, शेण-पातेरा वाहायचा, ते सगळं वाचलं. नुसत्या एवढ्यासाठीसुद्धा मी ट्रे पुन्हा करीन.

आता तक्रार. १२ जूनला पेरलं, सोळाव्या दिवशी यंत्र येणार असं ठरलेलं. आलं विसाव्या दिवशी. रोज फोन केला की "काकी, उद्या नक्की." तोवर मुळं एकमेकांत अशी गुंतली की चटई फाडायला जोर लागत होता आणि चिमट्यात अर्धी रोपं तुटत होती. पावसाळ्यात यंत्र एक, गावं वीस, हे मला समजतं. पण मग तारीख देताना तरी खरं सांगावं. मी दोन दिवस मागेपुढे पेरलं असतं.

चालवणारा मुलगा मात्र हुशार. आल्या आल्या खाचरात पाय घालून म्हणाला, "चिखल कधी केलात?" मी म्हटलं, आज सकाळी. त्याने मान हलवली. चिखल एक दिवस बसू द्यायचा असतो, आणि पाणी जेमतेम बोटाच्या पेरभर ठेवायचं. हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही हाताने लावतो ती ताज्या चिखलणीवर, मऊ असतं म्हणून. यंत्राखाली तो ताजा चिखल लाटेसारखा सरकतो आणि शेजारची ओळ गाडून टाकतो. पहिल्या खाचरात तसंच झालं. बाकीची तीन दुसऱ्या दिवशी केली, ती सुरेख झाली. दोन ओळींत बरोबर ३० सेंटीमीटर. बांधावर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "चिखलात केस लावलंन काय गो ह्यान?" खरंच, पहिले दहा दिवस शेत टकलासारखं दिसतं. घाबरू नका, फुटवे आले की भरतं. खेकड्यांकडे मात्र लक्ष ठेवा. हे कोवळं रोप त्यांना फार आवडतं, बांधालगतची पूर्ण ओळ दोन रात्रींत कापली होती.

पैशाचा हिशोब कुणी विचारलाच तर: २२ गुंठ्यांचं यंत्र १९८०, टेम्पो ८००, ट्रे २५०, कोपरे आणि मोकळ्या जागा भरायला एक बाई ४००. एकूण ३४३०. हाताने लावलं असतं तर आठ बायांचे ३२०० आणि चहा-जेवणाचे पाचशे. म्हणजे वाचले २७० रुपये. पण आठ बाया आणायच्या कुठून? वाडीत लावणीला वाकू शकतील अशा आता चारच उरल्यात, त्यातली एक मी.

उरलेल्या १६ गुंठ्यांत यंत्र गेलंच नाही. वरची सात खाचरं म्हणजे पायऱ्या, यंत्र वळेपर्यंत बांध येतो, आणि चौघांनी उचलून बांधावरून न्यायचं तर ते चौघे कोण? ती आम्ही हातानेच लावली. कापणीला परतीच्या पावसाने दोन्हीकडचं भात सारखंच आडवं केलं. झोडून वाळवून यंत्राच्या भागात गुंठ्याला ४० किलोच्या आसपास उतरलं, हाताच्या भागात ३८. हा फरक यंत्राचा की खालच्या चांगल्या मातीचा, देव जाणे. ओळींमधलं तण काढायची कोळपणी मात्र सरळ ओळींमुळे निम्म्या वेळात झाली. २०२५-२६ च्या हंगामात साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये होता. आम्ही विकत नाही, खातो आणि मुंबईला पाठवतो. विकणाऱ्याने मात्र त्या त्या वर्षीचा हमीभाव समोर ठेवूनच ठरवावं.

पाचापैकी साडेतीन तारे. एक वेळ न पाळल्याबद्दल कापला, अर्धा चिखलाचं आधी न सांगितल्याबद्दल. पुढच्या वर्षीही बोलावणार आहे, पण तेव्हा पेरणी दोन टप्प्यांत, चार दिवसांच्या अंतराने करणार, म्हणजे यंत्र उशिरा आलं तरी अर्धे ट्रे तरी वयात असतील. वरच्या दोन खाचरांमधला बांध काढला तर तिथेही यंत्र वळेल. गणपतीत थोरल्या दिरांना विचारलं, सातबारा सामायिक आहे ना. त्यांनी मोदक संपवला आणि म्हणाले, "बघू."