सप्लाय चेन शिकायची तर बीबीए, बीकॉम की प्रॉडक्शन इंजिनिअरिंग?

माझ्या भाचीने परवा वहीच्या एका पानावर बीबीए, बीकॉम आणि प्रॉडक्शन असे तीन रकाने आखले, प्रत्येकाखाली कॉलेजांची नावं लिहिली आणि विचारलं, "मामा, शेवटी काम तर एकच करायचंय ना? मग यातली कुठली वाट धरू?" पुण्याजवळच्या चाकणच्या एका कारखान्यात मी अठरा वर्षं खरेदी आणि स्टोअर्समध्ये काढली आहेत. तरी तिला चटकन उत्तर देता आलं नाही. तिच्यासारख्या आणखी मुलामुलींना उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते 'एकच काम', म्हणजे सप्लाय चेन, काय असतं ते पाहू. चाकण एकेकाळी कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध होतं. आज तिथे फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्रा, बजाज असे कारखाने आहेत. त्यांना लागणारे भाग घेऊन भोसरी, तळेगाव, रांजणगावहून टेंपो येत असतात आणि निर्यातीचे कंटेनर घाट उतरून न्हावा-शेव्याच्या बंदराला जातात. दहा रुपयांचा बोल्ट वेळेवर आला नाही तर लाखोंच्या गाडीची लाइन उभी राहते. लाइन थांबू नये म्हणून सगळंच भरून ठेवावं, तर गोदामात पैसा अडकतो. या दोन्हींच्या मधून रोज मार्ग काढणं म्हणजे हे काम.

या कामात गणित किती असतं ते मुलांना आधी कळायला हवं. समजा वर्षाला १२,००० बेअरिंग लागतात, एक ऑर्डर काढायचा खर्च ६०० रुपये आणि एक बेअरिंग वर्षभर सांभाळायचा खर्च १० रुपये. फोर्ड हॅरिस या अमेरिकन इंजिनिअरने १९१३ साली मांडलेल्या सूत्राने एका वेळी १,२०० नग मागवणं सर्वांत स्वस्त पडतं. आता मागणी चौपट झाली तर ऑर्डरही चौपट करायची का? नाही, फक्त दुप्पट, कारण सूत्रात वर्गमूळ आहे. हे वाचून "असं का?" म्हणत वही पुढे ओढावीशी वाटली तर एक वाट, आणि "ठीक आहे, पण पुरवठादार वेळ पाळेल का?" असा प्रश्न आधी पडला तर दुसरी.

दुसरा प्रश्न पडणाऱ्यांसाठी बीबीए. २०२४-२५ पासून हा अभ्यासक्रम एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आला आणि राज्यात त्याच्या प्रवेशासाठी सीईटी ही प्रवेश परीक्षा सुरू झाली. त्यामुळे बारावीच्या गुणांवर निवांत राहून चालत नाही. माहितीपत्रकावर 'लॉजिस्टिक्स अँड सप्लाय चेन' ठळक छापलेलं असलं तरी पहिली दोन वर्षं बहुतेक मार्केटिंग, अकाउंट्स, अर्थशास्त्र, मनुष्यबळ यांतच जातात. म्हणून कॉलेजात गेल्यावर सहाही सत्रांच्या विषयांची यादी मागा आणि खरेदी, गोदाम, वाहतूक, साठा, मागणीचा अंदाज यांवर किती पेपर आहेत ते मोजा. दोनच निघाले तर ती साधी बीबीए आहे, नाव काहीही असो.

बीबीएची खरी ताकद बोलण्यात आणि माणसं सांभाळण्यात आहे. पुरवठादाराशी भाव ठरवणं, उशीर झाला तर न चिडता त्याच्याकडून तारीख काढून घेणं, साहेबांसमोर पाच मिनिटांत आकडे मांडणं, हे बीबीएची मुलं लवकर शिकतात. सुरुवात मात्र बहुधा डिस्पॅच (माल रवाना करणं), गोदाम किंवा वाहतुकीच्या टेबलावर होते. तिथून मटेरियल प्लॅनिंगला, म्हणजे कुठला माल कधी आणि किती मागवायचा ते ठरवायला, जायचं तर एक्सेल पक्कं लागतं आणि कंपन्यांचा कारभार चालवणाऱ्या एसएपी या सॉफ्टवेअरची ओळखही. हे कॉलेज शिकवेल या भरवशावर मी भाचीला बसू देणार नाही.

यातच एक प्रकार मला मनापासून पटतो, तो म्हणजे अप्रेंटिसशिप जोडलेली पदवी. त्यात काही सत्रं सरळ गोदामात किंवा कारखान्यात जातात, विद्यावेतन मिळतं आणि त्या कामाचे क्रेडिटही मिळतात. माल उतरवून घेताना चलनावर ५०० नग आणि पेटीत ४८० असं एकदा स्वतः मोजलं की साठ्यातल्या चुका कुठून सुरू होतात ते कायमचं कळतं. फक्त कंपनी कुठे आहे ते आधी विचारा. पुण्यात डेक्कनजवळ राहून चाकणला रोज जायचं तर नाशिक रस्त्यावरची कोंडी दिवसाचे तीन-चार तास सहज खाते.

आता पहिला प्रश्न पडणारी मुलं. त्यांचं बारावीला भौतिक, रसायन, गणित असेल तर एमएचटी-सीईटी देऊन मेकॅनिकल किंवा प्रॉडक्शनकडे जावं. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंगच्या संस्थेत याच घराण्यातली 'मॅन्युफॅक्चरिंग सायन्स अँड इंजिनिअरिंग' ही शाखा आहे. पदवीच्या नावात सप्लाय चेन नसते, पण उत्पादन नियोजन, ऑपरेशन्स रिसर्च (गणिताने सर्वांत चांगला निर्णय शोधणं), गुणवत्ता नियंत्रण हे सगळं तिचंच हाडमांस आहे. शिवाय यंत्रभागाचं ड्रॉइंग वाचता येतं, आणि पुण्याच्या वाहन उद्योगात याला फार किंमत आहे. कास्टिंगचा (ओतीव भागाचा) भाव पुरवठादाराने वाढवून सांगितला तर मशीनिंगला किती वेळ लागतो, टॉलरन्स, म्हणजे मापातली चालणारी तफावत, सैल केला तर किती वाचेल, हे त्याच्याशी बोलू शकणारा खरेदीवाला वेगळाच असतो. मला ड्रॉइंग उशिरा, सहकाऱ्यांच्या मागे लागून शिकावं लागलं, म्हणून हे जरा जोर देऊन सांगतो. बदल्यात एक वर्ष जास्त आणि फी बरीच जास्त. शिवाय जीएसटी, इन्कोटर्म्स (परदेशी व्यवहारात खर्च आणि जोखीम कोणाची हे ठरवणाऱ्या अटी) असल्या व्यापारी गोष्टी नंतर स्वतः शिकाव्या लागतात.

बीकॉमला लोक उगाच कमी लेखतात. ज्याला आयात-निर्यात, कस्टम्स, मालवाहतुकीची बिलं यांत जायचंय त्याच्यासाठी तीच वाट सगळ्यांत स्वस्त आणि सरळ. ई-वे बिलाची, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन परवान्याची, मर्यादा राज्याबाहेर माल जाताना ५० हजार आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाख, असले बारकावे त्या टेबलावर रोज लागतात. सोबत आयात-निर्यातीचा एखादा डिप्लोमा केला की पुरतं. कारखान्याच्या नियोजनात शिरायला मात्र ही वाट लांबची.

पुढे एमबीए करायचंच असेल तर तिन्हींतून दारं उघडी राहतात. पूर्वीची नीटी ही व्यवस्थापन संस्था, म्हणजे २०२३ पासूनची आयआयएम मुंबई, या विषयासाठी नावाजलेली आहे. पण तिथल्या पात्रतेच्या अटी आजच वाचून ठेवा, तिसऱ्या वर्षी नको.

भाचीने बेअरिंगचं गणित माझ्यासमोर दोनदा करून पाहिलं. मग मागणी नऊपट झाली तर काय, हे तिने स्वतःहून विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत "तिप्पट" म्हणाली. मी तिला प्रॉडक्शनच्या रकान्यावर खूण करायला सांगितलं. बीबीएची सीईटीही ती देणार आहे, आणि त्याला माझी ना नाही.