आठ महिने एकाच कोचकडे वेट ट्रेनिंग केलं, त्याचा अनुभव

मी डोंबिवलीची, वय ४७, ऑफिस फोर्टला, म्हणजे रोज लोकल आणि रोज स्टेशनचे जिने. मागच्या वर्षी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, ६.१ आलं (५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, डायबेटिसच्या आधीची पायरी), आणि उजवा गुडघा जिना उतरताना दुखायचा तो वेगळाच. डॉक्टरांनी चालण्यासोबत वजनं उचलायला सांगितलं. वजनं म्हटल्यावर मी घाबरलेच, कारण आधी एका जिममध्ये वर्षाचं पॅकेज भरलेलं आणि तिथे पहिल्याच दिवशी प्रोटीनचा डबा गळ्यात मारला, मशीन कसं वापरायचं ते मात्र कोणी धड दाखवलं नाही, दोन महिन्यांत सोडलं.

मिलिंद सोमणने २०१५ मध्ये झुरिकला आयर्नमन पूर्ण केली, ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल आणि त्यावर अख्खी मॅरेथॉन, त्याची आई साडी नेसून अनवाणी पळते, हे सगळं मी बघितलेलं आणि मनापासून कौतुकही वाटलेलं. पण ते बघून मी घराबाहेर पडले असं काही झालं नाही. बाहेर काढलं ते घरापासून दहा मिनिटांवर सकाळी सहाची बॅच घेणाऱ्या एका मुलीने. तिशीची असेल, आम्ही सगळे कोचच म्हणतो.

पहिले तीन आठवडे तिने मला वजनाला हातच लावू दिला नाही. लाकडी खोक्यावर बसायचं, हात न टेकता उठायचं, बस्स. "ताई, गुडघा आत जातोय, बाहेर ढकला," हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेल. मग चार किलोचं डंबेल छातीशी धरून स्क्वॉट, मग आठ किलोची केटलबेल (वर कडी असलेलं गोल वजन), आता बारबेलने ३५ किलो डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचं वजन उचलून सरळ उभं राहणं, होतं. तिच्याकडे वही आहे, प्रत्येकीचं पान वेगळं, काय उचललं, किती वेळा, झोप कशी झाली, कुठे दुखतंय सगळं लिहिते. एका गुरुवारी मी पोचल्यापोचल्या म्हणाली, मागच्या गुरुवारीही तुमची झोप चार तासच होती, आज हलकं करू. आपलं कोणीतरी इतकं नीट लक्षात ठेवतंय म्हटल्यावर दांडी मारायला मन होत नाही हो!

माझ्यावर सगळ्यात जास्त परिणाम कशाचा झाला ते सांगते. सिझेरियननंतर कोच स्वतः परत सुरुवात करत होती, आमच्यासमोरच, आमच्याचसारखी हलक्या डंबेलने. पुलअप, म्हणजे बारला लटकून स्वतःला वर ओढणं, येत नव्हता. बॅच संपली की रोज बारला लटकायची, अर्ध्यावर अडकायची, खाली यायची, वहीत स्वतःच्या पानावर लिहायची. पाचव्या महिन्यात एक पूर्ण झाला तेव्हा आम्ही सगळ्याजणी ओरडलो, मला तर रडूच आलं. भाषण तिने कधी दिलं नाही, पण त्या महिन्यात आमच्या बॅचमध्ये क्वचितच कोणी गैरहजर राहिलं.

आता घरातलं. सासूबाई ७६ वर्षांच्या, पलंगावरून उठताना कोणाचा तरी हात लागायचा. कोचला विचारलं तर म्हणाली आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, ते हो म्हणाले तर भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून पाच वेळा उठबस करून घ्या, तुम्ही शेजारी उभ्या राहा. डब्ल्यूएचओही पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकदीचा व्यायाम करायला सांगते. पाचाचे दहा झाले, आता त्या मला विचारतात "आज माझे राहिले ना गं?" आणि मुलगा, वय १९, रात्री दोनपर्यंत फोनवर असायचा, तो हल्ली संध्याकाळी माझ्याकडून डेडलिफ्टचा फॉर्म शिकतो, पाठ सरळ कशी ठेवायची ते मी दाखवते. म्हणजे कोचला कधी न भेटलेली दोन माणसं तिच्यामुळे हलायला लागली.

आकडे विचाराल तर वजन फक्त तीन किलो कमी झालं. पण एचबीएवनसी ५.८ आलंय आणि स्टेशनचा जिना रेलिंग न धरता उतरते. डॉक्टर म्हणाले स्नायू काम करतात तेव्हा रक्तातली साखर ओढून घेतात, त्याचाही हातभार असणार. मी रात्रीचा भातही कमी केलाय, त्यामुळे सगळं श्रेय व्यायामाला देत नाही.

खटकलेलं पण लिहिते. बॅच सहा जणींची होती ती अकरावर गेली, आता तिचं लक्ष पूर्वीइतकं पुरत नाही, नवीन आलेल्यांचे गुडघे आत जाताना मलाच दिसतात. हे तिला तोंडावर सांगितलंय, दुसरी बॅच काढते म्हणाली, अजून निघालेली नाही. चेंजिंग रूम अगदीच लहान. आणि बायका तिला गोळ्या, थायरॉइड, उपवास सगळंच विचारतात, ती मात्र दरवेळी "ते डॉक्टरांना विचारा" एवढंच म्हणते, मला हे फार आवडतं, काहींना नाही आवडत.

पुढच्या सहा महिन्यांची फी भरली. सासूबाईंना एकदा चला बघायला म्हटलं तर म्हणाल्या, पाऊस थांबू दे मग येते, खुर्ची मात्र भिंतीला टेकवलेली हवी.