नाट्यशास्त्राची पदवी की कॉलेजची एकांकिका?

नाटक करायचं हे पक्कं असेल, तर बारावीनंतर दोन वाटा दिसतात. एक म्हणजे कॉमर्स किंवा इंजिनिअरिंगला प्रवेश घेऊन कॉलेजच्या टीममधून एकांकिका करायच्या. दुसरी, थेट विद्यापीठात नाटक शिकायचं. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे. मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स २००३ सालची, पण तिथे पदवीनंतर जायचं. मी दोन्ही केलं. आधी बी. कॉम. आणि तीन वर्षं एकांकिका, मग नाट्यशास्त्रात एम. ए.

एकांकिकेनं जे दिलं ते वर्गात मिळालं नसतं. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या वेळी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ‘अरे आव्वाज कुणाचा’ ऐकत विंगेत उभं राहिलं, की पुढे कुठल्याही सभेत बोलायची भीती उरत नाही. नेमून दिलेल्या वेळेत नेपथ्य लावायचं, प्रयोग संपवायचा, हाताशी असलेल्या पैशांत सगळं भागवायचं, हे विसाव्या वर्षी अंगात भिनतं. शिवाय हातात दुसरी पदवी असते, घरचे निश्चिंत असतात. ही छोटी गोष्ट नाही.

मला खटकलं ते वेगळंच. तिसऱ्या वर्षी प्रकाशयोजना माझ्याकडे होती. शेवटचा ब्लॅकआउट, म्हणजे रंगमंचावरचा पूर्ण अंधार, उशिरा पडला आणि ज्या क्षणासाठी दोन महिने तालमी केल्या तो हातातून गेला. निकालानंतर टपरीवर सगळे जमलो. परीक्षकांवर बोलणं झालं, इतर कॉलेजांवर झालं. ब्लॅकआउट का चुकला, हे कुणीच काढलं नाही. मला वाईट वाटू नये म्हणून मित्रांनी ते टाळलं असेल, पण मला ते जाणून घ्यायचं होतं. सेट टेम्पोत गेला आणि तो विषयही गेला. आदल्या दोन वर्षांतही असंच झालं होतं.

विद्यापीठातल्या पहिल्या प्रयोगानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे गोल बसलो. सरांनी दिग्दर्शकाच्या आधी लाइट्सवाल्याला विचारलं, “तुला काय दिसलं?” त्या चर्चेत मला जुन्या चुकीचं कारण सापडलं. मी क्यू, म्हणजे दिवे बदलायची खूण, एका शब्दावर बांधला होता आणि नट तो शब्द दर वेळी वेगळा घ्यायचा. क्यू त्याच्या हालचालीवर हवा होता. असं शोधायची सवय तिथे लागली. अभिनयाला आलेल्यांनाही वेशभूषा, नेपथ्य, रंगमंच व्यवस्था करावी लागायची, त्यामुळे दुसऱ्याची अडचण आतून कळायची.

आज मी प्रशिक्षणाचं काम करतो. प्रत्येक बॅचनंतर आम्ही तसेच बसतो आणि चहा देणाऱ्या दादांनाही विचारतो.

पदवीनंतरची पहिली काही वर्षं पैशांची ओढाताण होते, हे मात्र घरी आधीच सांगून ठेवा. आणि तुमच्या टीममध्ये प्रयोगानंतर शांतपणे बोलणारा एखादा सीनियर असेल, तर कदाचित तुम्हाला विद्यापीठातल्या नाट्यविभागाची गरज लगेच भासणारही नाही. मला तसा कुणी भेटला नाही, म्हणून माझा कल विद्यापीठाकडे. प्रवेशाआधी तिथल्या विद्यार्थ्यांचा एक प्रयोग बघा आणि दुसऱ्या दिवशी त्यावर किती वेळ बोलणं झालं, ते त्यांच्यापैकी कुणालातरी विचारा.